जाहिरातीतले घर आणि नोंदीतले घर

घरखरेदीविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. तिन्ही पत्रांचा रोख घरांच्या जाहिराती देणाऱ्या संकेतस्थळांकडे आहे, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट शोधत आहोत. एका संकेतस्थळावर वाघोली परिसरातील बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात १०५० चौरस फुटांचा फ्लॅट ७५ लाखांना दिसला. चौकशीसाठी मोबाइल क्रमांक देताच तासाभरात चार निरनिराळ्या एजंटांचे फोन आले आणि ‘तो फ्लॅट कालच गेला’ असे चौघांनीही सांगितले. पुढे त्याच प्रकल्पात त्याच मापाचा दुसरा फ्लॅट मिळाला. पण करारनाम्याच्या मसुद्यात क्षेत्रफळ ६५ चौरस मीटर लिहिलेले आहे. ही फसवणूक आहे का? आणि संकेतस्थळाची यात काहीच जबाबदारी नाही का? (एक वाचक भगिनी, पुणे)

उत्तर : आधी क्षेत्रफळाचा हिशेब पाहू. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. त्यानुसार ६५ चौरस मीटर म्हणजे जवळजवळ ७०० चौरस फूट होतात आणि मसुद्यात लिहिलेले हे माप चटई क्षेत्राचे, म्हणजे कार्पेटचे आहे. जाहिरातीतले १०५० चौरस फूट हे ‘सेलेबल’ माप असून त्यात जिना, लिफ्ट, लॉबी आणि क्लबहाउस यांचा वाटा मिळवलेला आहे. बाजारात यालाच लोडिंग म्हणतात आणि आपल्या बाबतीत ते तब्बल ५० टक्के आहे. जाहिरातीच्या मापाने दर चौरस फुटाला सुमारे ७,१४३ रुपये पडतो, तर प्रत्यक्ष वापरायच्या जागेच्या मापाने तो १०,७१४ रुपये होतो. दोन प्रकल्पांपैकी एकाचे लोडिंग ३५ टक्के आणि दुसऱ्याचे ५० टक्के असेल, तर संकेतस्थळावर त्यांचे दर शेजारी शेजारी ठेवून केलेल्या तुलनेला काहीच अर्थ उरत नाही.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे रेराने, चटई क्षेत्राची व्याख्या नेमकी केली आहे. घराच्या बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यातून वगळायची. आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र धरायच्या. मसुद्यात चटई क्षेत्रच लिहिलेले आहे, म्हणजे करारनामा कायद्याला धरून आहे. दोष जाहिरातीत आहे आणि तो गौण नाही. याच कायद्याच्या कलम १२ नुसार, जाहिरातीतील खोट्या किंवा चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी अनामत रक्कम भरली आणि त्यामुळे त्याचे नुकसान झाले, तर विकासकाने भरपाई द्यायची असते. ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचे असेल, तर भरलेली सर्व रक्कम व्याजासह परत मिळू शकते. म्हणून आपण ती जाहिरात तारखेसह दिसेल अशा प्रकारे आजच जतन करून ठेवावी. संकेतस्थळावरची जाहिरात एका रात्रीत बदलते आणि मग जवळ केवळ आठवण उरते. आठवण हा पुरावा होत नाही. नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी फ्लॅटच्या किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. ‘टोकन’ या नावाखाली ही मर्यादा ओलांडण्याचा आग्रह होताना मी अनेकदा पाहिले आहे.

आता ‘कालच गेला’ या फ्लॅटविषयी. नसलेला किंवा विकून गेलेला माल स्वस्त दाखवून गिऱ्हाईक ओढायचे आणि मग दुसराच माल पुढे करायचा, या पद्धतीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनांपैकी एक म्हटले आहे. त्या यादीत एकूण १३ प्रकार असून ‘फक्त दोनच घरे शिल्लक’ अशी खोटी घाई निर्माण करणे आणि किंमत थेंबाथेंबाने उघड करणे हेही त्यांत आहेत. ही तत्त्वे जाहिरातदाराइतकीच संकेतस्थळालाही लागू आहेत, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : जबाबदारी आहे. तक्रार नोंदवण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

त्या जाहिरातीत महारेराचा, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक होता का, हे आपण लिहिलेले नाही. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल आणि आठपेक्षा अधिक सदनिका असतील, तर प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय त्याची जाहिरातच करता येत नाही आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक व महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे द्यावा लागतो. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही बंधनकारक आहे आणि तो नसल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा नियम वर्तमानपत्रातल्या जाहिरातीइतकाच संकेतस्थळावरच्या जाहिरातीलाही आहे.

प्रश्न : मी घरांच्या जाहिरातींचे संकेतस्थळ चालवणाऱ्या एका नव्या कंपनीत काम करतो. आमच्याकडे चर्चा नेहमी फोटो, व्हिडिओ आणि आभासी फेरफटका यांचीच होते. घर घेणाऱ्याला खरोखर उपयोग व्हावा असे वाटत असेल, तर आम्ही नेमके काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हा प्रश्न आपल्या बाजूकडून विचारला गेला, याचे मला मनापासून समाधान वाटते. २००५-०६ च्या सुमारास ९९एकर्स आणि मॅजिकब्रिक्स सुरू झाली, त्यापूर्वी आपल्याकडे घर शोधणे म्हणजे रविवारच्या पुरवणीतल्या छोट्या जाहिराती आणि एजंटची वही. एका संध्याकाळी पन्नास घरे घरबसल्या पाहता येणे ही ग्राहकाला मिळालेली मोठी सोय आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण या व्यवसायात पैसे देतो तो विकासक किंवा एजंट, आणि तो पैसे देतो ते ‘लीड’साठी, म्हणजे घर शोधणाऱ्याच्या नावासाठी आणि फोन क्रमांकासाठी. त्यामुळे सगळी रचना फोन क्रमांक मिळेपर्यंत माहिती राखून ठेवण्याकडे झुकते. मजल्याचा नकाशा पाहायचा तर क्रमांक द्या, किंमत पाहायची तर क्रमांक द्या. आपल्याला खरोखर बदल करायचा असेल, तर तो येथूनच सुरू करावा लागेल.

माझी मागणी एका वाक्यात सांगायची तर अशी, की विकासक जे सांगतो आणि शासनाच्या दप्तरी जे नोंदलेले आहे, ते दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी दिसले पाहिजे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाचे मंजूर नकाशे, पूर्णत्वाची मूळ आणि सुधारित तारीख, एकूण सदनिका आणि त्यांपैकी नोंदणी झालेल्या सदनिका, जमिनीवरचा बोजा आणि न्यायालयीन दावे हे सारे उपलब्ध असते आणि विकासकाला दर तिमाहीत त्यातली प्रगती अद्ययावत करावी लागते. ही माहिती सार्वजनिक आहे, पण संकेतस्थळावर सजवलेल्या दिवाणखान्याचा फोटो पाहणारा माणूस तिथवर पोहोचत नाही. ‘पझेशन लवकरच’ या शब्दांखाली ‘मूळ तारीख अमुक, दोनदा वाढवलेली’ एवढी एक ओळ छापली, तर ती दहा व्हिडिओंपेक्षा अधिक कामाची ठरेल. विकासकाला ही ओळ आवडणार नाही, हे मी जाणून आहे.

क्षेत्रफळाविषयी वर लिहिलेच आहे. शोधाची चाळणी आणि दराची तुलना केवळ चटई क्षेत्रावरच चालावी. सेलेबल मापाचा रकाना काढूनच टाकावा.

किमतीच्या बाबतीत मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण सामान्य कुटुंबाचे गणित येथेच कोसळते. वरच्या पत्रातील ७५ लाखांचेच उदाहरण घेऊ. पुण्यात मुद्रांक शुल्क आणि त्यावरील अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख २५ हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. बांधकाम सुरू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख ७५ हजार. एकूण आकडा ८४ लाख ३० हजारांवर जातो आणि त्यात देखभालीची आगाऊ रक्कम किंवा सोसायटी स्थापनेचा खर्च अजून धरलेलाच नाही. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते, म्हणजे या उदाहरणात ७५ हजार रुपये वाचतात. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर जीएसटी लागत नाही. हे नियम ठरलेले आहेत, गणित शाळकरी आहे आणि संगणकाला ते क्षणात करता येते. असे असताना बँकेतून पगाराच्या हिशेबाने कर्ज मंजूर करून आलेल्या माणसाला वरच्या नऊ लाखांची बातमी टोकन दिल्यावर का कळावी? तो पैसा मग भविष्य निर्वाह निधीतून किंवा घरातल्या दागिन्यांतून उभा राहतो. पहिल्याच पानावर ‘हातात किल्ली येईपर्यंत लागणारी रक्कम’ दाखवणारे संकेतस्थळ मी कोणालाही निःसंकोच सुचवीन.

यापुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. संकेतस्थळावर दिसते ती मागितलेली किंमत. त्या इमारतीत घरे प्रत्यक्षात किती किमतीला नोंदवली गेली, हे तिथे ग्राहकाला दिसत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सेवेत जिल्हा, गाव आणि सर्व्हे क्रमांक टाकून सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, पाहता येते आणि त्यात मोबदला, क्षेत्रफळ आणि दस्ताची तारीख असते. ब्रिटनमध्ये इंग्लंड आणि वेल्सचे जमीन नोंदणी कार्यालय १९९५ पासूनच्या विक्रीच्या किमती सर्वांसाठी खुल्या करते आणि तिथली संकेतस्थळे त्या किमती घराच्या जाहिरातीसोबत दाखवतात. आपल्याकडे दस्तातील व्यक्तींची नावे वगळून केवळ इमारत, क्षेत्रफळ, महिना आणि किंमत एवढेच दाखवले, तरी घासाघीस करणाऱ्या ग्राहकाच्या हाती काहीतरी ठोस येईल. आज त्याच्याजवळ असते ती एजंटने सांगितलेली ‘मागच्या आठवड्यातली डील’.

जाहिरात प्रथम कधी दिली आणि तिच्यात किंमत कितीदा बदलली, हेही दिसू द्यावे. सात महिने पडून राहिलेले घर आणि काल आलेले घर आज एकाच ‘नवीन’ या पाटीखाली दिसतात. दर पंधरा दिवसांनी ‘घर अजून विक्रीस आहे’ अशी खात्री जाहिरातदाराने दिली नाही, तर जाहिरात आपोआप उतरावी. याने आपल्या पानावरच्या घरांची संख्या कमी होईल आणि वरिष्ठांना ते खटकेल. पण उरतील ती घरे खरी असतील.

फोन क्रमांकाविषयी थोडक्यात. ग्राहकाने ज्या एका जाहिरातीला प्रतिसाद दिला, त्याच जाहिरातदाराला त्याचा संपर्क मिळावा, तोही शक्यतो मूळ क्रमांक न कळता. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाही हाच आहे, की संमती ज्या विशिष्ट कारणासाठी दिली, त्यापुरतीच ती वापरायची.

आणि एक विनंती. हे सारे मराठीत असू द्यावे. घराचा निर्णय बहुतेक कुटुंबांत दोन पिढ्या मिळून घेतात आणि आयुष्यभराची ठेव मोडून देणारे आई-वडील इंग्रजी पानासमोर गप्प बसून राहतात. त्यांना सातबारा, बोजा, भोगवटा प्रमाणपत्र हे शब्द उत्तम कळतात. त्यांच्या शंका अनेकदा मुलांच्या शंकांपेक्षा नेमक्या असतात.

प्रश्न : मी दुबईत नोकरी करतो. आई-वडिलांसाठी कोल्हापुरात रिसेलचा फ्लॅट संकेतस्थळावर पाहून पसंत केला आहे. जाहिरातीत ‘नदीचे दृश्य’ असे लिहिले आहे. येथून काय तपासता येईल? (एक वाचक, दुबई)

उत्तर : कोल्हापुरात नदीचे दृश्य म्हणजे पंचगंगेचे दृश्य, आणि २०१९ व २०२१ च्या पुरांनंतर हे दोन शब्द केवळ सौंदर्याचे राहिलेले नाहीत. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. इमारत या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे, हे महापालिकेच्या नगररचना विभागातून लेखी घ्यावे. पुण्यात २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा अनेकांना या रेषांचे अस्तित्व प्रथमच कळले. नकाशावर शाळा, मॉल आणि रुग्णालये दाखवणाऱ्या संकेतस्थळांनी या दोन रेषाही दाखवल्या पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

रिसेलच्या जुन्या इमारतीला बहुधा महारेराची नोंदणी नसते, म्हणून तिथे आधार कागदांचाच. इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, विक्रेत्याच्या नावाचे सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, विक्रेत्यापर्यंतच्या खरेदीखतांची अखंड साखळी, थकबाकी नसल्याचा सोसायटीचा दाखला आणि जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे हस्तांतरण, सोसायटीच्या नावे झाले आहे की नाही, एवढे सारे विक्रेत्याकडून मागवून स्थानिक वकिलाला दाखवावे. मालमत्ता पत्रक आणि सूची क्रमांक २ आपल्याला दुबईहूनही ऑनलाइन पाहता येईल. मागितलेल्या किमतीची त्याच इमारतीतील नोंदलेल्या किमतींशी तुलना करावी आणि त्यानंतरच बोलणी सुरू करावीत.

एक गोष्ट मात्र कोणत्याही नोंदीत सापडणार नाही. आई-वडिलांना एकदा त्या इमारतीपाशी जाऊ द्यावे आणि तळमजल्यावरच्या किंवा समोरच्या दुकानदाराशी बोलू द्यावे. २०१९ साली पाणी कुठवर आले होते, असे विचारले की तो भिंतीवर हात ठेवून दाखवील.