लिफ्ट केलेल्या जुन्या जिप्सीचं मागचं ऑइल सील सारखं जातंय, अख्खा एक्सल बदलू का?

भावा, अख्खा एक्सल बदलू नकोस. निदान मोजल्याशिवाय तरी अजिबात नको. तू लिहिलंयस की स्प्रिंग ओव्हर (स्प्रिंगचे पाटे एक्सलच्या वर घेऊन गाडी उंच करणं) करून घेतलेली जुनी मारुती जिप्सी आहे, मागच्या उजव्या चाकातून गियर ऑइल येतं, सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) आणि बेरिंग बदललं की थोडे दिवस बरं आणि मग परत तेच, साठच्या पुढे गाडी थरथरते, आणि मेकॅनिक म्हणतोय एक्सलच गेलाय, डिस्पोजलमधला (जुन्या मालातला) आणून टाकू. हे वाचून मला राहवलं नाही, कारण माझ्या गाडीबद्दल मी हे सगळं ऐकून बसलोय आणि त्यावरून आमच्या घरात अजून वाद चालू आहे.

माझी गाडी मिलिटरी लिलावातली, कोल्हापुरात आणली आणि हायवेवरच्या एका फॅब्रिकेटरकडून लिफ्ट करून घेतली. जिप्सीला कंपनीतून पाटे एक्सलच्या खालून असतात, ते त्याने वर घेतले, पाटे टेकायला एक्सलवर नवीन सीट (बैठका) वेल्ड केल्या, गाडी दिसायला एक नंबर झाली. आणि त्यानंतर उजवीकडचं सील जायला लागलं. बदललं, परत गेलं. ओरिजिनल टाकलं, तेही गेलं. पावसात आंबा घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची, साखरप्यात थांबून वाकून बघितलं तर बॅकप्लेटच्या (ब्रेक ड्रममागच्या पत्र्याच्या) खालच्या कडेवरून ऑइल ओघळतंय, टायरच्या आतल्या बाजूला पंख्यासारखे काळे फराटे उठलेत आणि गियर ऑइलचा तो गंधकासारखा जळका वास. ड्रम उघडला तेव्हा ब्रेकचे लायनर पार भिजलेले. (असे लायनर पेट्रोलने धुऊन परत टाकू नकोस, ऑइल आत मुरतं आणि गरम झालं की बाहेर येतं. नवीनच टाकायचे, दोन्ही बाजूचे.)

आता आमचे दाजी. त्यांचे ट्रक आहेत त्यामुळे एक्सल या विषयावर घरात त्यांचाच शब्द शेवटचा. त्यांचं म्हणणं एकच, "गाडीचा उंट केलास तिथंच एक्सलचं वाटोळं झालं, लिफ्ट काढ, सगळं बंद होतंय." जत्रेला बसलो तरी तेच, बारशाला गेलो तरी तेच. आणि फॅब्रिकेटर म्हणायचा सील डुप्लिकेट असणार. मी दोघांनाही सांगत होतो की बाबांनो सील हे लक्षण आहे, रोग दुसरीकडे आहे, नाहीतर डावं कोरडं आणि उजवंच ओलं असं का व्हावं, लिफ्ट तर दोन्हीकडे सारखीच आहे ना. याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं.

मला संशय आला टायरवरून. उजवा मागचा टायर फक्त आतल्या कडेने खाल्लेला. सॉलिड एक्सलला मागे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) नावाचा प्रकारच नसतो, चाक सरळच उभं राहिलं पाहिजे. घरी तेव्हा गवंडीकाम चालू होतं, गवंड्याचा ओळंबा मागून घेतला, गाडी सपाट कोब्यावर घेतली आणि चाकाच्या शेजारी ओळंबा सोडून दोरीपासून रिमच्या वरच्या कडेपर्यंत आणि खालच्या कडेपर्यंत अंतर मोजलं. डावीकडे दोन्ही सारखं. उजवीकडे वरचं अंतर पेन्सिलीच्या जाडीएवढं जास्त, म्हणजे चाक वरून आत झुकलेलं. गाडी उलटी वळवून त्याच जागी परत मोजलं, म्हणजे कोब्याच्या उताराचा प्रश्न नको. तेच आलं. बेरिंग नवीन होतं, चाक हलवून बघितलं तर प्ले (ढिलेपणा) नाही. मग राहिलं काय? हाउसिंग, म्हणजे एक्सलचा बाहेरचा पाईप, वाकलेलं.

हाउसिंग खोलून उद्यमनगरात एका जुन्या लेथवाल्याकडे नेलं. त्या माणसाने वेल्डिंगकडे बघितलं आणि मोजायच्या आधीच मान हलवली. सीटच्या दोन्ही कडांना एका दमात मारलेला लांबलचक बीड (वेल्डची रेघ), मध्ये थांबणं नाही, थंड होऊ देणं नाही. वेल्ड थंड होताना आकसतो आणि पाईपला स्वतःकडे ओढतो. वेल्ड पाईपच्या वरच्या अंगाला, म्हणून पाईपचं टोक वर उचललं गेलं. डावीकडे त्याने बहुतेक तुकड्यातुकड्याने मारलं असावं, ती बाजू सरळ निघाली. दोन्ही टोकांना बेरिंग बसतं त्या जागांमधून सरळ बार घातला तर मधे डिफरन्शियलच्या तोंडाशी तो सेंटरला येईचना. जिप्सीचा मागचा एक्सल सेमी फ्लोटिंग, म्हणजे गाडीचं वजन चाक फिरवणाऱ्या आतल्या रॉडवरच आणि बाहेरच्या एकाच बेरिंगवर. हाउसिंग वाकलं की रॉड आतल्या स्प्लाइनमध्ये (खाचांमध्ये) तिरका बसतो, प्रत्येक फेऱ्याला ताण खातो, सीलची ओठ एकाच बाजूने घासते. तिथे सोन्याचं सील बसवलं तरी टिकणार नाही.

सरळ कसं केलं तर पाईपच्या खालच्या अंगाला, वेल्डच्या बरोबर समोर, टॉर्चने लाल केलं आणि थंड व्हायला सोडलं. आकसून पाईप परत खाली आला, बार घालून बघायचं, परत थोडं तापवायचं. घाई अजिबात नाही. शेवटी बार मोकळा फिरला. त्यानंतर कितीतरी पावसाळे गेले, ड्रम कोरडा आहे. लिफ्ट तेवढीच आहे.

म्हणून दाजींना माझं म्हणणं आजही तेच आहे की लिफ्ट वाईट नाही, लिफ्ट करणाऱ्याचा हात वाईट होता. एक इंचही न उचलता तोच बीड त्याच पाईपवर मारला असता तरी हाउसिंग वाकलंच असतं. आणि नुसते लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) टाकून गाडी उचलली असती तर हाउसिंगला हातही लागला नसता (शॅकलने पुढचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या पिनचा मागे झुकाव) कमी होतो आणि स्टिअरिंग भटकतं, तो वेगळा ताप आहे, पण एक्सल वाकत नाही). ओव्हरलोड ट्रकचं हाउसिंग वाकतं तेव्हा कोणी म्हणत नाही की ट्रकच घेऊ नका. दाजी यावर म्हणतात, "ट्रकचं वेगळं." वेगळं काही नाही, लोखंड तेच आहे.

आता तुझं. आधी ब्रीदर (एक्सलमधली हवा बाहेर सोडणारी छोटी वाट) बघ, दहा मिनिटांचं काम आहे. चिखलाने तो बुजला की गरम एक्सलमध्ये प्रेशर तयार होतं आणि ऑइल सीलमधून वाट काढतं. माझाही बुजलेलाच होता, लेथवाल्याने तारेने मोकळा केला, मी मग नळी लावून वर बॉडीपर्यंत नेला. ओढ्यात गाडी घालत असशील तर नळी पाहिजेच, तापलेला एक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं, ऑइल दुधासारखं पांढरं दिसलं तर समज. मग चाक उचलून प्ले बघ, मग ओळंबा. रॉड काढलास तर सील जिथे बसतं तिथे नख फिरव, नख अडकलं म्हणजे चर पडलाय, रॉड बदल. बेरिंगमागची रिटेनर रिंग काढली की नवीनच टाकायची, जुनी परत ठोकणारा मेकॅनिक असेल तर तिथून गाडी उचल. बाहेर निघालेले रिम किंवा स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) लावले असशील तर तेही काढ, बेरिंगवरचा भार त्याने वाढतो.

थरथरीचं थोडक्यात सांगतो. ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा गियरबॉक्स) निघणारा शाफ्ट आणि मागचा पिनियन (डिफरन्शियलमध्ये शिरणारा गियर) यांची तोंडं एकमेकांना समांतर पाहिजेत, सीट वेल्ड करताना हे बघितलं नसेल तर प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचे क्रॉस (सांधे) कितीही बदल, थरथर राहणार. प्रोपेलर खोलून जोडताना खूण न करता स्प्लाइन इकडेतिकडे बसवला तरी हेच होतं, दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत आहेत का बघ.

हाउसिंगला तडा असेल तर मात्र सरळ करण्याच्या नादी लागू नकोस, बदलूनच टाक. तेव्हाही फक्त रिकामं हाउसिंग घे, डिफरन्शियल बोल्ट काढून अख्खं बाहेर येतं, तुझंच बसेल. घेताना बघून घे, १९९३ च्या आधीच्या अरुंद जिप्सीचा एक्सल नंतरच्या वाइड ट्रॅकपेक्षा साधारण ९० मिलिमीटरने कमी आहे, विकणारा सांगणार नाही. आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नकोस, स्टँड लाव.

अजून एक, हे आधीच लिहायला हवं होतं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिलाय, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध जाणारा बदल चालत नाही. आरटीओने अडवलं किंवा इन्शुरन्सवाल्याने क्लेम अडकवला तर मी लिहिलेलं काही उपयोगाचं नाही. दाजी हल्ली हाच मुद्दा काढतात आणि त्यात ते बरोबर आहेत, पण तो कायद्याचा मुद्दा झाला, सीलचा नाही.

ओळंबा लावून बघितलास की दोन्ही चाकांची मापं खाली लिही, सीटच्या वेल्डचा फोटोही टाक.