मराठवाड्यात हिवाळ्यात लेकरांना मोकळी रानघोडी कुठे बघायला मिळतील?

रानघोडी आपल्याकडे नाहीत. ती बघायची तर आसामात दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात जावं लागेल. पण घोडेच बघायचे असतील तर माळेगावची खंडोबाची यात्रा गाठा, तिथं घोड्यांचा बाजार भरतो. नांदेड जिल्हा, लोहा तालुका; मार्गशीर्ष अमावस्येच्या सुमारास, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. सकाळी लवकर जा, थंडी असते, स्वेटर-कानटोप्या घ्या. शेकोटीजवळ घोडी चंदी (दाणा) खात उभी असतात, नाकातून वाफ निघते. गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग अंगावरचे भोवरे, म्हणजे केसांचे गोल वळसे. आमच्या धाकटीला पंचकल्याणी ओळखता यायला लागला: चारही पाय आणि तोंड पांढरं. (घ्यायचा हट्टही तिथंच सुरू झाला!) घोड्याच्या मागून मात्र लेकरांना जाऊ देऊ नका, लाथ कधी बसेल सांगता येत नाही.