डीएनए आला, मग प्रजाती ओळखायला कशाला शिकायचं?

प्रश्न : मी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. जहाजांच्या तळाला, धक्क्यांच्या खांबांना चिकटून पसरणाऱ्या परक्या सागरी जीवांवर काम करावंसं वाटतं. पण सगळे म्हणतात, आता डीएनए तपासला की झालं, प्रजाती ओळखायला शिकण्यात वर्षं घालवू नकोस. काय करू?

उत्तर : वर्षं घालव. डीएनएचा क्रम हाती आला तरी तो ताडून बघायला नाव लावलेला नमुना लागतो, आणि ते नाव कुणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावूनच ठरवलेलं असतं. तिथे चूक झाली, की तीच पुढच्या प्रत्येक अहवालात उतरते.

या कामात साधारण वीतभर लांबी-रुंदीची पीव्हीसीची पाटी, तिच्यावर जीव चिकटून वाढावेत म्हणून, पाण्यात मीटरभर खोल टांगतात आणि तीनेक महिन्यांनी वर काढतात. प्रथम दिसतो नुसता लगदा. मग त्यातलं तपकिरी-जांभळं झुडूप ट्रेमधल्या समुद्राच्या पाण्यात मोकळं होतं. शेवाळ वाटतं, पण ती असते ब्रायोझोआ या एकमेकांना चिकटून वाढणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्यातली बगुला नेरिटिना ही प्रजाती असेल, तर तिच्या भाऊबंदांमध्ये दिसणाऱ्या पक्ष्याच्या चोचीसारख्या चिमट्या तिच्यात नसतात. ही ‘नसलेली’ खूण टिपायला नजर तयार व्हावी लागते. आता दुसरी बाजूही सांगते : या एकाच नावाखाली एकाहून जास्त प्रजाती दडल्या आहेत, हे डीएनएमुळेच उघड झालं. म्हणून दोन्ही शिक, पण नजर आधी.

ओळख वेळेवर पटण्याला किती मोल असतं ते बघ. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन इथे काळ्या पट्ट्यांचा एक परका शिंपला पाहणीत सापडला. तो फक्त पाण्याची दारं असलेल्या मरिनांमध्येच, म्हणजे नौका उभ्या करायच्या गोद्यांमध्येच होता, म्हणून त्या बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद घालता आलं आणि महिन्याभरात तो तिथून नाहीसा झाला. विशाखापट्टणमला हाच शिंपला १९६७ च्या सुमारास पोचला होता. तिथे तो कायमचा रुजला.

नोकऱ्यांचं स्पष्टच सांगते. कायमची पदं थोडी, बरंचसं काम प्रकल्पापुरतं. पण मागणी वाढण्याला कारण आहे. जहाजांच्या भरणपाण्याचा, म्हणजे तोल राखायला टाक्यांत भरलेल्या समुद्राच्या पाण्याचा, आंतरराष्ट्रीय करार २०१७ पासून लागू आहे. जहाजाच्या तळाला चिकटणाऱ्या जीवांसाठी २०११ ची मार्गदर्शक तत्त्वं २०२३ मध्ये सुधारली गेली. ती ऐच्छिक आहेत, तरी न्यूझीलंडने २०१८ पासून स्वच्छ तळ सक्तीचा केला. बंदरांची पाहणी, जहाजतपासणी, जीव चिकटू नयेत म्हणून तळाला लावायच्या रंगांच्या चाचण्या, संग्रहालयं या सगळ्यांना ओळखणारी माणसं लागतात. संख्याशास्त्र मात्र टाळू नकोस, पाट्यांची आकडेवारी त्याशिवाय मुकी राहते.

एमएस्सीला प्रवेश घेण्याआधी मार्गदर्शकांना दोन गोष्टी विचार : तुम्ही स्वतः कोणता गट ओळखता, आणि विद्यार्थ्यांचे नमुने नंतर कुठे जपून ठेवता? दुसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही, तर दुसरी प्रयोगशाळा शोध.