गाडी द्यायची नाही, एवढे म्हणणे पुरेसे आहे

जुन्या गाड्यांविषयी आमच्याकडे येणारी पत्रे बहुधा सुटे भाग कोठे मिळतात, हे विचारणारी असतात. या वेळी मात्र तीन पत्रे निराळ्या विषयाची आली. विकायला न काढलेल्या गाडीला अनोळखी माणूस गिऱ्हाईक म्हणून येतो, तेव्हा काय करावे, हा तिन्ही पत्रांचा विषय असल्याने ती एकत्र घेत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे १९९१ सालची यामाहाची आरएक्स १०० मोटारसायकल आहे. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांच्या बचतीतून घेतलेली ही गाडी मी आजही रोज चालवतो. पेट्रोल पंपावर, बाजारात, अगदी देवळाबाहेरसुद्धा अनोळखी मुले थांबवून ‘काका, गाडी द्यायची का?’ असे विचारतात. एक जण पत्ता काढून तीन रविवार घरी आला आणि दर वेळी रक्कम वाढवत गेला. कोणाला दुखवू नये म्हणून मी ‘बघू’ म्हणतो. आता मात्र याचा त्रास होऊ लागला आहे. — एक वाचक, कराड

उत्तर : आपल्या त्रासाचे मूळ ‘बघू’ या एका शब्दात आहे, असे मला वाटते. आपल्याकडे ‘बघू’ हा नकार सौम्य करण्यासाठी वापरला जातो आणि घरातल्या माणसांना तो नकार म्हणूनच कळतो. पण ज्याला गाडी हवीच आहे, त्याला त्यातून ‘आणखी थोडे वाढवा’ एवढेच ऐकू येते. तो तीन रविवार आला आणि दर वेळी आकडा वाढवून आला, याचे कारण हेच. ‘सध्या नाही’, ‘मुलाला विचारावे लागेल’, ‘किती द्याल ते तरी सांगा’ ही उत्तरेही तशीच आहेत. मुलाचे नाव घेतले की पुढच्या खेपेस तो मुलाला गाठतो, आणि किंमत नुसती ऐकायला म्हणून विचारली तरी त्याच्या दृष्टीने बोलणी सुरू झालेली असतात. म्हणून ‘गाडी द्यायची नाही’ हे तीन शब्द शांतपणे, हसतमुखाने म्हणावेत आणि तेथेच थांबावे. कारण सांगितले की कारणावर वाद होतो. कारणच दिले नाही, तर वाद घालायला जागा राहत नाही. यात उद्धटपणा मुळीच नाही. स्वतःची वस्तू स्वतःकडे ठेवण्याचे स्पष्टीकरण आपण कोणालाही देणे लागत नाही.

ही मुले आपल्याच गाडीमागे का लागतात, हेही समजून घ्यावे, म्हणजे राग थोडा कमी होईल. ९८ सीसीची ही टू-स्ट्रोक गाडी आपल्या देशात १९८५ मध्ये आली आणि प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तेव्हापासून एकही नवी गाडी तयार झालेली नाही, आहेत त्यांतल्या अनेक मोडीत गेल्या, काही चोरीला गेल्या आणि मागणी करणारी पिढी मात्र ती बंद झाल्यानंतर जन्मलेली आहे. सुरुवातीच्या गाड्या जपानमधून आलेल्या भागांतून जोडलेल्या होत्या, त्यामुळे काही जण न बोलताच खाली वाकून इंजिनावर काय कोरले आहे ते वाचू लागतात. ते वाकणे कौतुकाचे असते आणि पारखण्याचेही असते. त्यातले कोणते कोणाचे, हे रस्त्यावर ओळखता येत नाही, म्हणून काही गोष्टी सर्वांच्याच बाबतीत पाळाव्यात.

पहिली म्हणजे, ‘एक चक्कर मारून बघू का?’ याला होकार देऊ नये. परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली, तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालकही दोषी ठरतो. आणि परवाना असला तरी अपघात झाल्यास नुकसानभरपाईच्या दाव्यात आपले नाव येतेच. आरसी बुकाचा किंवा चेसिस क्रमांकाचा फोटो कोणालाही काढू देऊ नये. तीस वर्षे वापरलेले कुलूप इतके झिजलेले असते की जवळपासची कोणतीही किल्ली त्यात फिरू शकते, तेव्हा हँडल लॉकवर विसंबू नका. चाकाला स्वतंत्र साखळी-कुलूप लावा आणि रात्री पेट्रोलचा कॉक बंद करा. एवढ्या जुन्या दुचाकीचा विमा बहुधा केवळ त्रयस्थ पक्षापुरता असतो आणि त्यात चोरीची भरपाई मिळत नाही. आपली पॉलिसी कोणत्या प्रकारची आहे, हे आजच काढून पाहावे. तो गृहस्थ चौथ्या रविवारी आला, तर त्याला आत बसवू नका आणि चहा विचारू नका. दारातच ‘मागेच सांगितले, द्यायची नाही, पुन्हा येऊ नका’ असे म्हणा. पाहुणचार आपल्या स्वभावात आहे, हे पत्रावरून दिसते. पण येथे त्याचा अर्थ चुकीचा लावला जात आहे.

प्रश्न : माझे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आमच्या सोसायटीतील पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली आहे. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्यापासून विचारणारे वाढले आहेत. वॉचमनकडून फ्लॅट क्रमांक घेऊन लोक थेट दाराशी येतात. एकाने ‘काकू, गाडी पडून सडतेय, तुम्हाला काय उपयोग?’ असे म्हटले. दुसऱ्याने गाडी राहू द्या, फक्त कागदपत्रे द्या म्हणून पैसे देऊ केले. तिसरा म्हणतो की गाडी ‘व्हिंटेज’ झाली आहे, आता ती ठेवणे अवघड जाईल. मुलगा कॅनडात असतो. आरसी बुक अजून यजमानांच्याच नावावर आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, सर्वात आधी त्या दुसऱ्या माणसाविषयी लिहितो, कारण तिघांत धोका त्याच्यापासून आहे. गाडी नको आणि कागद हवेत, असे म्हणणाऱ्याला ते कागद दुसऱ्या एखाद्या गाडीसाठी हवे असतात. ती गाडी चोरीची असू शकते. तिच्या चेसिसवरचा क्रमांक घासून आपल्या गाडीचा क्रमांक ठोकला जातो आणि उद्या ती पकडली गेली की पोलीस आपल्या पत्त्यावर येतात. रक्कम कितीही मोठी असली, तरी आरसी बुक, त्याची प्रत किंवा यजमानांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत अशा माणसाच्या हाती पडू देऊ नये. गाडी खरोखरच मोडीत काढायची झाली, तर मालकाने चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी, असे कायदा सांगतो. कागद गाडीपासून वेगळे करून विकण्याची तरतूद कोठेही नाही.

तिसऱ्याने आपल्याला जे सांगितले, ते चुकीचे आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी तेवढीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आपली गाडी त्या वयाला पोहोचायला अजून अवकाश आहे, आणि पोहोचल्यावरही ती गाडी ठेवण्यास त्या नियमांनी बंदी येत नाही. आपल्याला लागू पडते ते साधे री-पासिंग. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. यजमानांनी शेवटचे री-पासिंग केव्हा केले होते, ते आरसी बुकावर पाहावे.

त्याआधी गाडी आपल्या नावावर व्हायला हवी. मालकाच्या निधनानंतर तीस दिवसांत आरटीओला कळवावे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावे हस्तांतरण करावे, असा नियम आहे. आपली मुदत उलटून गेली आहे, म्हणून दंड भरावा लागेल, पण काम अडणार नाही. मृत्यूचा दाखला, आरसी बुक, चालू विमा, पीयूसी आणि इतर वारसांची संमती एवढे जमवावे लागेल. चिरंजीवांचे संमतीपत्र तिकडून येण्यास वेळ लागतो, म्हणून ते आरटीओला कोणत्या स्वरूपात चालेल, हे विचारूनच मागवावे. पुढेमागे गाडी द्यायची ठरली तरी हे केल्याशिवाय ती रीतसर देता येणार नाही. कोणी ‘तुम्ही फक्त फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ठेवा, बाकीचे मी बघतो’ असे म्हणाला, तर गाडी विकताना भरायच्या या कोऱ्या फॉर्मवर सही अजिबात करू नये. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी चार हात फिरलेली असली तरी यात फरक पडत नाही.

आता त्या पहिल्या माणसाचे वाक्य. ते आपल्याला लागले, हे पत्राच्या अक्षरांतही दिसते. ‘पडून आहे’ आणि ‘ठेवलेली आहे’ यांत फरक असतो आणि तो करण्याचा अधिकार आपला आहे. आपण लिहिता की दर पाडव्याला आपण स्वतः कव्हर काढून बॉनेटला हार घालता, आणि स्टिअरिंगलगतच्या गिअरच्या दांड्याला यजमानांनी गुंडाळलेली दोरी आपण अजून बदललेली नाही. अशी गाडी पडून आहे, असे मी तरी म्हणणार नाही. मात्र ती टिकावी असे वाटत असेल, तर थोडे लक्ष घालावे लागेल, आणि तेवढ्यापुरते त्या माणसाचे म्हणणे खरे आहे. प्लॅस्टिकच्या कव्हराखाली दमट हवा कोंडून पत्रा गंजतो, म्हणून सुती कव्हर घ्यावे. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. उंदीर वायरिंग कुरतडतात, त्यासाठी पावसाळ्यात महिन्यातून दोनदा बॉनेट उघडून पाहावे. यजमान ज्या मेकॅनिककडे गाडी नेत, तो अजून काम करत असेल तर त्याला बोलवावे. पंधरा दिवसांतून एकदा इंजिन सुरू करून गाडी हातभर पुढेमागे सरकवली, तरी टायर एकाच जागी दबून बसत नाहीत. गाडी सोसायटीच्या आतच असू द्यावी. रस्त्यावर बरेच दिवस उभी राहिली, तर महापालिका ती बेवारस समजून उचलून नेऊ शकते.

वॉचमनविषयी सोसायटीच्या सचिवांना लेखी कळवावे. एकट्या राहणाऱ्या बाईचा फ्लॅट क्रमांक अनोळखी माणसाला सांगणे ही साधी चूक नाही. दारावर येणाऱ्याशी साखळी न काढता बोलावे. गाडीचे पुढे काय करायचे, ते चिरंजीवांशी फोनवर निवांत बोलून ठरवावे. त्यात द्यायची ठरली, तर तोही चांगलाच निर्णय असेल, फक्त तो दारात उभ्या असलेल्या माणसाने घाई केली म्हणून होऊ नये.

प्रश्न : मी तेवीस वर्षांचा आहे. मला आजोबांच्या गाडीसारखी बजाज चेतक हवी आहे. रस्त्यात दिसली की मी थांबवून विचारतो, पण पुष्कळ लोक चिडतात. कसे विचारावे? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपली हौस मला मनापासून आवडली, म्हणून स्पष्ट लिहितो. चालत्या माणसाला थांबवू नये. चेतक १९७२ मध्ये आली आणि त्यानंतर कितीतरी वर्षे ती नंबर लावून, वाट पाहून मिळत असे. ज्याने एका स्कूटरसाठी अनेक वर्षे वाट पाहिली, त्याला सिग्नलला थांबलेला असताना ‘किती घेणार?’ असे विचारले, तर तो चिडणारच.

माझ्या वडिलांच्या चेतकच्या सीटखाली एकदा वहीच्या कागदाची घडी खोचलेली सापडली होती. ‘गाडी फार छान ठेवली आहे. कधी द्यावीशी वाटली तर कळवावे,’ आणि खाली फोन नंबर. किंमत लिहिलेली नव्हती. वडिलांनी गाडी दिली नाही, पण ती चिठ्ठी त्यांनी पुढच्या डिकीत, जुना प्लग आणि पॉलिश पेपर ज्या फडक्यात गुंडाळलेला असे, त्याच फडक्यात ठेवून दिली. आपणही असेच करावे. चिठ्ठी एकदाच ठेवावी, नंबर द्यावा आणि पुन्हा तेथे जाऊ नये. घरी बाई एकट्या असताना किंवा घरात कोणी वारल्याचे कळल्यावर तर मुळीच जाऊ नये. तेराव्याच्या मांडवात गाडीची चौकशी करणारे लोक मी पाहिले आहेत.

त्याहून बरे म्हणजे गावातल्या जुन्या गॅरेजवाल्यांना सांगून ठेवावे. कोणाची गाडी खरोखर द्यायची आहे, हे त्यांना आधी कळते. मिळाली की आरसी बुकावरचा चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा, विकणारा आणि आरसी बुकावरचा मालक एकच आहे, याची खात्री करावी आणि नावावर करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात आरटीओत द्यावा.