परवडणाऱ्या घरांसाठी सरकारी निधी नेमका मिळवायचा कसा?

तुमचा प्रश्न असा: नागरिकांचा गट दोन वर्षं निवेदनं देतोय, प्रत्येक वेळी ‘निधी नाही’ एवढंच उत्तर मिळतं, तर सरकारी पैसा येतो कुठून आणि मिळवायचा कसा?

एका पालिकेच्या लेखा विभागात मी अकरा वर्षं अर्थसंकल्पाच्या फाइली हाताळल्या. ‘निधी नाही’ हे वाक्य मीही कित्येकांना ऐकवलंय. त्याचा खरा अर्थ बहुतेक वेळा ‘तुमच्या मागणीला लेखाशीर्ष नाही’, म्हणजे अर्थसंकल्पात त्या खर्चाची वेगळी नोंदच नाही, असा असतो. पैसा असतो, पण तो कुठल्या ना कुठल्या शीर्षाखाली बसलेला असतो आणि तिथून उठवायचा तर कागद लागतो.

वर्ष संपायच्या आधी एकाच आठवड्यात दोन शिष्टमंडळं आली होती, ती आजही आठवतात. पहिल्याकडे शेकडो सह्यांचं निवेदन होतं. साहेबांनी ते आदराने घेतलं, चहा पाजला, वर ‘पाहून सादर करा’ लिहिलं आणि ते माझ्या टेबलावर आलं. मी त्याचं काय करणार? त्यात रक्कमच नव्हती. दुसऱ्या गटाकडे एकच पान होतं. पालिकेचाच एक मोकळा भूखंड, त्यावर किती घरं बसतात, एकूण खर्च, भाड्यातून किती कर्ज फिटेल आणि उरलेली तूट. साहेबांनी तुटीच्या आकड्याखाली रेघ ओढली आणि मला विचारलं, ‘रस्त्यांचे किती पडून आहेत?’ पडून होते, भरपूर. पुनर्विनियोजनाचा, म्हणजे एका शीर्षातला पैसा दुसऱ्याकडे वळवण्याचा, प्रस्ताव त्याच संध्याकाळी तयार झाला.

म्हणून आधी तुटीचा हिशोब मांडा. घराचा खर्च १०० धरा, त्यातले २५ जागेचे. ज्या कुटुंबांसाठी घर आहे त्यांना झेपेल एवढ्या भाड्यातून, देखभाल वजा जाता, ९ टक्के व्याजाचं ३० वर्षांचं ४० चं कर्ज फिटतं असं समजा. तूट ६०. एवढं अनुदान कुणी देत नाही. आता व्याज ५ टक्क्यांवर आणा. हप्ता तोच, मुदत तीच, पण कर्ज जवळपास ६० चं फिटतं. तूट ४० वर आली. जागा पालिकेने दिली तर १५. घर तेच, भाडं तेच, आणि मागणी साठावरून पंधरावर! जागा आणि स्वस्त कर्ज हाही सरकारी पैसाच आहे, फक्त तो अनुदान म्हणून दिसत नाही, त्यामुळे मागणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. फ्रान्समध्ये सर्वसामान्यांच्या ‘लिव्रे आ’ या बचत खात्यांमधल्या ठेवींचा मोठा भाग एका सरकारी वित्तसंस्थेकडे जमा होतो आणि त्यातून सामाजिक घरांना, म्हणजे परवडणाऱ्या भाड्याच्या घरांना, दीर्घ मुदतीची कर्जं दिली जातात.

उरलेल्या पंधराचं काय? इथे बहुतेक गट एक चूक करतात. ‘यंदाच्या बजेटमध्ये तरतूद करा’ म्हणतात. यंदाची तरतूद पुढच्या वर्षी कापली जाते; पूर येतो, निवडणूक येते, नवा पूल सुचतो. मागायचं ते दरवर्षी आपोआप जमा होणारं, आणि दुसरीकडे वळवता न येणारं उत्पन्न. व्हिएन्नाने १९२३ मध्ये हेच केलं. शहराचे वित्तप्रमुख हूगो ब्राइटनर यांनी घरबांधणी कर लावला, तोही चढत्या दराचा. छोट्या घराला नाममात्र, आलिशान बंगल्याला सणसणीत. सर्वांत महागड्या अर्ध्या टक्का मालमत्तांकडून त्यातली जवळपास ४५ टक्के रक्कम येत असे. १९३४ पर्यंत शहराने ६० हजारांहून अधिक घरं उभी केली. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये १९८१ पासून मतदार स्वतःच मालमत्ता करावर घरांसाठीचा अधिभार मंजूर करत आले आहेत. २०२३ मध्ये सात वर्षांसाठी ९७ कोटी डॉलर मंजूर झाले. लोक स्वतःवर कर लावून घेत नाहीत, हे मी कार्यालयात इतक्यांदा ऐकलं होतं की मलाही ते पटायला लागलं होतं. पण मुदत ठरलेली आणि हिशोब उघड असेल तर घेतात.

डेन्मार्कची पद्धत मला वैयक्तिकरीत्या सर्वांत आवडते. सामाजिक इमारतीचं कर्ज फिटल्यावरही भाडं तेवढंच राहतं आणि त्यातला मोठा वाटा १९६७ मध्ये स्थापन झालेल्या ‘लान्सबिगेफोन्देन’ या सामायिक निधीत जातो. जुन्या इमारतींची दुरुस्ती त्यातूनच होते. फळं यायला वीस-तीस वर्षं लागतात, त्यामुळे पाच वर्षांपुरता विचार करणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो.

तुमचं शहर लहान असेल तर फिरता निधी मागून बघा. अमेरिकेतल्या माँटगोमेरी काउंटीने २०२१ मध्ये असा निधी सुरू केला. बांधकामाच्या काळात त्यातून पैसा द्यायचा, इमारत उभी राहून कायमस्वरूपी कर्ज मिळालं की तो परत घ्यायचा आणि पुढच्या इमारतीला लावायचा. ‘पैसे परत येणार आहेत’ हे वाक्य लेखा विभागात जादूसारखं चालतं, अनुभवाने सांगते.

मंजुरी मिळाली म्हणजे पैसा मिळाला असं मात्र समजू नका. आमच्याकडे एका वर्षी घरांसाठीची पूर्ण रक्कम व्यपगत झाली, म्हणजे वर्षात खर्च न झाल्याने हातची गेली, कारण भूखंडाच्या एका कोपऱ्यावर दुसऱ्या खात्याचा पंप होता आणि ‘ना हरकत’ कोणी मागितलीच नव्हती. पुढच्या वर्षी तरतूद निम्मी. वर सरळ शेरा: ‘खर्च करण्याची क्षमता नाही.’ निधीच्या मागे धावण्याआधी जागेची मालकी, मोजणी, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी या चार फाइली पूर्ण करून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण स्पर्धेत तयार प्रकल्पच पुढे जातो.

आणखी एक अट मागणीतच घाला, नंतर घालता येत नाही. सरकारी पैशातून उभं राहिलेलं घर पुढे कोणाला, कुठल्या किमतीला विकता येईल? ब्रिटनमध्ये १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना सरकारी घरं सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि एकट्या इंग्लंडमध्ये १९ लाखांहून अधिक घरं सार्वजनिक मालकीतून गेली. घेणाऱ्यांचं भलं झालं, पण त्या बदल्यात तेवढी नवी घरं बांधली गेली नाहीत. याउलट बर्लिंग्टन या छोट्या अमेरिकी शहराने १९८४ मध्ये दोन लाख डॉलरचं बीजभांडवल देऊन एक जमीन न्यास उभा केला. तिथे जमीन न्यासाची राहते, घर कुटुंबाचं, आणि विकताना भाववाढीतला ठरावीक वाटाच मिळतो. त्यामुळे तेच अनुदान पुढच्या कुटुंबाच्याही कामी येतं.

आता लगेच करायचं काम. पालिकेच्या गेल्या तीन वर्षांच्या अर्थसंकल्पांच्या प्रती मिळवा आणि ‘सुधारित’ (वर्षात बदललेली तरतूद) व ‘प्रत्यक्ष’ (खरंच झालेला खर्च) हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचा. कुठल्या शीर्षात दरवर्षी पैसा उरतो ते एका दुपारीत कळेल. ते आकडे आणि तुमचं एक पान घेऊन वर्ष संपायच्या तीन-चार महिने आधी जा. आणि आधी लेखा विभागातल्या कारकुनाला भेटा, साहेबांना नंतर.