वाचकांचे प्रश्न : रोज तोच ग्रंथ?

प्रश्न : तुम्ही मॉर्मन आहात आणि रोज धर्मग्रंथ वाचता, असं लिहिलं होतंत. तेच ते वाचून कंटाळा येत नाही? एखादा दिवस चुकला तर?

उत्तर : येतो ना, कंटाळाही येतो. मॉर्मन हा एक ख्रिस्ती पंथ, आणि मी रोज वाचते तो आमचा धर्मग्रंथ म्हणजे ‘मॉर्मनचा ग्रंथ’. तो 1830 साली प्रथम छापला गेला. त्यात 15 पुस्तकं, 239 अध्याय. त्यातल्या ‘दुसरा नेफी’ या पुस्तकात बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचे अध्याय लागोपाठ येतात, तिथे मी दरवेळी अडखळते. तिथे मी रोज चारच वचनं घेते, पण मोठ्यानं वाचते.

पण ‘आल्मा’ या पुस्तकाचा 32वा अध्याय बघा. श्रद्धा म्हणजे बी, ते पेरून उगवतं का पाहा, असं आल्मा हा संदेष्टा त्यात लोकांना सांगतो. पहिल्या दोन वाचनांत मला फक्त ते बीच दिसलं. आई गेली त्या वर्षी तिसऱ्यांदा वाचताना ऐकणारे दिसले. ती गरीब माणसं होती, स्वतःच्या हातांनी बांधलेल्या प्रार्थनास्थळातून हाकललेली. त्यांनाच आल्मा हे सांगत होता! मी पुस्तक मिटून रडले. समासात पेन्सिलीनं तारीख लिहिली, ती अजून आहे.

चुकलेले दिवस मी भरून काढत नाही. पूर्वी काढायची, रात्री झोपेत सहा अध्याय, सकाळी एकही आठवत नसे. आता प्रार्थना करते, खूण असेल तिथून पुढे वाचते आणि वहीत एक प्रश्न लिहिते. काही प्रश्नांची उत्तरं पुढच्या वाचनात मिळाली. आईबद्दलचा एक प्रश्न मात्र अजून तसाच आहे. तो मी दर वर्षी नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेते.