वाचकांचे प्रश्न : रिंग शाउट, काठीचा ताल आणि सिएरा लिओनचे गाणे

अमेरिकेत साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया या राज्यांच्या किनाऱ्यावर आणि लगतच्या बेटांवर गुल्ला-गीची लोक राहतात. भातशेती, कापूस आणि निळीसाठी गुलाम करून आणलेल्या पश्चिम व मध्य आफ्रिकी माणसांचे ते वंशज. रिंग शाउट ही त्यांची गात, टाळ्या देत, रिंगणात फिरून करायची उपासना. मागच्या अंकात त्यांच्याविषयी लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न येथे घेतले आहेत.

आमच्या नाट्यशिबिरात वीस मुलांकडून रिंग शाउट बसवून घ्यायचा आहे. व्हिडिओत पायांची हालचाल कळत नाही. (सांगली)

आधी कामे वाटा, कारण गाणारे आणि फिरणारे वेगळे असतात. एक मुख्य गायक, त्याच्या शेजारी बसलेला काठीवाला, मागे पालुपद धरून टाळ्या देणारे पाच-सहा जण आणि उरलेले रिंगणात. रिंगण घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या विरुद्ध. स्टर्लिंग स्टकी या इतिहासकाराने ही दिशा मध्य व पश्चिम आफ्रिकेतल्या पूर्वजपूजेच्या रिंगणांशी जोडली आहे.

आता पाय. गुडघे किंचित वाकलेले, अंग थोडे पुढे. एक पाऊल सपाट पुढे सरकवायचे आणि दुसरे हिसक्याने त्याच्यामागे ओढून आणायचे. पाऊल जमिनीवरून जवळजवळ उचलायचेच नाही आणि एक पाय दुसऱ्याला कधीही ओलांडता कामा नये. पाय ओलांडला की तो नाच झाला, आणि देवाच्या घरात नाच नको, असा इथला जुना नियम आहे. सेंट हेलेना बेटावरची गाणी ज्यात आहेत त्या 1867च्या संग्रहातही पाऊल जेमतेम उचलले जाते अशी नोंद आहे.

टाळीची एक नेहमीची घडण अशी : आठ मात्रा मोजा आणि पहिली, चौथी व सातवी मात्रा वाजवा. तीन, तीन, दोन. मुले हमखास काठीच्या एकसारख्या ठोक्यांवरच टाळी देऊ लागतात आणि सगळा जोर निघून जातो. म्हणून आधी दोन गट करून काठी आणि टाळी वेगवेगळी पक्की करा. पाय सगळ्यांत शेवटी. दुसरी चूक पालुपदाची. गायकाची ओळ पुरती संपायची वाट पाहू नका, तिच्या शेपटावरच उत्तर चढले पाहिजे. तिसरी चूक लयीची. लय वाढते हे खरे, पण ती काठीवाल्याने वाढवायची असते, रिंगणातल्यांनी नव्हे.

काठी म्हणजे झाडूचा लाकडी दांडा. तो उभा धरून खालचे टोक लाकडी जमिनीवर आपटतात. सिमेंटच्या फरशीवर आवाज बसका येतो आणि दांडा फुटतो. दोन जाड रिपांवर प्लायवूडचा तुकडा ठेवा, खालची पोकळी घुमते. ढोलकी किंवा डफ मात्र जोडू नका, अगदी कोणी आग्रह केला तरी. आणि मुलांना सांगा की ही उपासना आहे. जॉर्जियातल्या मॅकिन्टॉश काउंटीत ती 31 डिसेंबरच्या रात्रीच्या जागरणाशी बांधलेली आहे. रंगीबेरंगी 'आफ्रिकन' पोशाख इथे शोभत नाहीत.

आफ्रिकेतून आलेल्या लोकांच्या संगीतात ढोलच नाही, हे कसे? (पुणे)

1739मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला, आणि ते ढोल वाजवत पुढे निघाले होते. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने गुलामांना ढोल आणि शिंगे बाळगण्यास बंदी केली. ढोलांवर वाजणारे एकमेकांत गुंतलेले ताल मग हात, पाय आणि काठीवर वाटले गेले. वर ढोलकी नको म्हटले ते यासाठीच : ती आली की ही वाटणी ऐकूच येत नाही.

शब्दांचा अर्थ हरवलेले गाणे दीडशे-दोनशे वर्षे टिकले, यावर विश्वास कसा ठेवायचा? (नागपूर)

हे गाणे एका गुल्ला-गीची घरात आईकडून मुलीकडे आलेले, आणि त्याचा पुरावा ध्वनिमुद्रित आहे. लोरेन्झो डाउ टर्नर या भाषाशास्त्रज्ञाने 1930च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्जियातल्या हॅरिस नेक येथे अमेलिया डॉली यांच्याकडून काही ओळींचे एक गाणे मुद्रित केले. अमेरिकेत शिकणाऱ्या, पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन या देशाच्या एका विद्यार्थ्याने त्यातली भाषा ओळखली : त्याच्या देशातली मेंडे. टर्नर यांनी 1949च्या आपल्या ग्रंथात ते छापले.

पुढे मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ ओपाला, संगीत-अभ्यासक सिंथिया श्मिट आणि मेंडे भाषातज्ज्ञ ताझिएफ कोरोमा यांनी शोध पुन्हा हाती घेतला. गाण्यातला एक शब्द मेंडेच्या विशिष्ट बोलीतलाच आहे हे कोरोमांनी ओळखले, त्यामुळे शोधायचा मुलूख आटोक्यात आला. त्या भागातल्या सेनेहुन न्गोला गावात बाइंडू जबाती यांना जवळजवळ तेच गाणे येत होते, आजीकडून शिकलेले. तिथे ते अंत्यविधीचे गाणे होते. अमेलियांची मुलगी मेरी मोरान हिला मात्र ते आईने खेळगाणे म्हणून शिकवले होते. सिएरा लिओनमधल्या यादवी युद्धामुळे भेट लांबली, पण 1997मध्ये मोरान कुटुंब त्या गावी पोहोचले.

ते टिकले कसे? गाणे लहान होते, घरातल्या बायकांच्या तोंडी होते, आणि अर्थ गेला तरी आवाजांचा क्रम जसाच्या तसा पाठ करून घेतला जाई. वेदपाठ ज्यांनी ऐकला आहे त्यांना यात अशक्य काही वाटू नये.

आपल्या सिद्दी लोकांच्या धमालशी (त्यांच्या भक्तिगीत-नृत्याशी) याचे नाते आहे का? (मुरुड)

थेट नाही. सिद्दींचे पूर्वज प्रामुख्याने पूर्व आफ्रिकेतून हिंदी महासागरामार्गे आले, गुल्लांचे अटलांटिकपलीकडून. गुजरातच्या सिद्दींच्या धमालमध्ये तर ढोलच मुख्य आहेत.

ऐकायला सुरुवात कुठून करावी? (ठाणे)

मॅकिन्टॉश काउंटी शाउटर्स या रिंग शाउट करणाऱ्या गटापासून. पहिल्यांदा फक्त काठी ऐका, दुसऱ्यांदा फक्त टाळ्या. मग सेंट सायमन्स बेटावरच्या गायिका बेसी जोन्स आणि जॉर्जिया सी आयलंड सिंगर्स या गटाची, लोकसंगीत-संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी 1959-60च्या सुमारास केलेली मुद्रणे घ्या. हेडफोन वापरा, मोबाइलच्या स्पीकरवर काठीचा खर्ज हरवतो.